बैजूचा आवाज नेमका कोणाचा? ‘बैजू बावरा’ (१९५२) आणि त्याच्या संगीताची रचना

मालकंस (धागाकर्ता)

विजय भट्ट दिग्दर्शित ‘बैजू बावरा’ १९५२ साली प्रदर्शित झाला. संगीत नौशाद यांचे, गीते शकील बदायुनी यांची, बैजूच्या भूमिकेत भारत भूषण आणि त्याच्या प्रेयसीच्या, गौरीच्या भूमिकेत मीना कुमारी. यातील गाणी तीन पिढ्यांच्या कानांवरून गेलेली असल्यामुळे त्यांच्या गोडव्याविषयी मी काही लिहिणार नाही. मला चर्चा करायची आहे ती एका निर्णयाची, ज्याकडे आपण बहुतेक जण ऐकताना सहज दुर्लक्ष करतो.

तरुण बैजूच्या तोंडी असलेली गाणी महंमद रफी यांनी गायली आहेत. ‘मन तड़पत हरि दर्शन को आज’, ‘ओ दुनिया के रखवाले’, ‘तू गंगा की मौज’ ही सारी बैजूची गाणी आपण रफींच्या आवाजातच ओळखतो. पण तानसेनामुळे वडील गमावलेला बैजू त्याला गाण्यात हरवू पाहतो, अशी ही कथा; आणि ज्या क्षणासाठी ती सारी उभी केली आहे, त्या अकबराच्या दरबारातील स्पर्धेत बैजूचा आवाज अचानक पंडित द. वि. पलुसकरांचा होतो. समोर तानसेनाच्या भूमिकेतील सुरेंद्र यांच्यासाठी उस्ताद अमीर खान गातात. ‘आज गावत मन मेरो झूम के’ ही देसी रागातील ती जुगलबंदी. थोडक्यात, कथेतील सर्वांत मोठी कसोटी नायकाने दुसऱ्याच गळ्याने दिली आहे. हा दोष मानायचा की गुण?

माझे मत असे की हा निर्णय योग्य होता, आणि तो केवळ सोय म्हणून घेतल्यासारखा वाटत नाही, कारण चित्रपटातील गाण्यांचा क्रम श्रोत्याला हळूहळू त्या टप्प्यावर नेतो. सुरुवातीच्या भागातील गावाकडची, नदीकाठची गाणी पाहा. ‘झूले में पवन के आई बहार’ पिलूच्या अंगाने जाते, ‘दूर कोई गाए’ देसच्या छायेत आहे, ‘बचपन की मोहब्बत को’ मांडच्या वळणाचे आहे. हे सगळे राग लोकगीतांच्या शेजारी राहणारे आहेत, ज्यांत रागाचे नियम कानाला टोचत नाहीत. बैजू आपल्या गुरूंकडे, स्वामी हरिदासांकडे पोहोचल्यानंतर मात्र ‘मन तड़पत’मध्ये मालकंस येतो, आणि पुढे गौरीच्या वियोगाने भ्रमिष्ट झालेल्या बैजूच्या तोंडी ‘ओ दुनिया के रखवाले’ दरबारीत येते. मालकंसात रिषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य असल्यामुळे पाच स्वरांतच सारे बोलावे लागते. दरबारीत कोमल गंधार आणि कोमल धैवत यांच्या आंदोलनांवाचून, म्हणजे स्वराला दिलेल्या हलक्या झोक्यांवाचून, रागाचे रूपच उभे राहत नाही. म्हणजे ज्या श्रोत्याने कधी मैफलीची पायरी चढलेली नाही, त्यालाही चित्रपट पिलूपासून दरबारीपर्यंत घेऊन येतो आणि मग देसीमधील बंदिशीसमोर बसवतो.

त्या टप्प्यावर रफींचा आवाज आला असता तर काय झाले असते? समोर अमीर खान आहेत. त्यांचा भरदार, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात स्थिरावणारा आवाज, स्वरांची एकेक संगती उलगडत नेणारी सरगम, घाई नावालाही नसलेली तान. ही जमीन खयालाची, म्हणजे मैफलीत रागाचा विस्तार करत गायच्या शास्त्रीय गायकीची आहे. तिथे चित्रपटगीताचा गळा कितीही समर्थ असला तरी तो पाहुणाच ठरला असता, आणि बैजू जिंकला हे आपण केवळ कथेखातर मान्य केले असते. पलुसकरांच्या रूपाने अमीर खान यांच्यासमोर त्याच जमिनीवर वाढलेला गवई उभा राहतो. ग्वाल्हेर घराण्याची तालीम, स्वच्छ आणि उजळ ‘आ’कार, सरळ दाणेदार तान, शब्दांचा निर्मळ उच्चार. दोन आवाजांतला हा भेद इतका ठळक आहे की डोळे मिटून ऐकले तरी कोण तानसेन आणि कोण बैजू हे क्षणभरही विसरायला होत नाही. प्रदर्शनाच्या वेळी अमीर खान चाळिशीत पोहोचले होते आणि पलुसकर एकतीस वर्षांचे होते. प्रस्थापित गवई आणि त्याला आव्हान देणारा तरुण हे नाते आवाजांच्या वयातूनही जाणवते.

यावर जाणकारांनी आपली मते मांडावीत, विशेषतः ज्यांना हा बदल खटकतो त्यांनी.

कोमल गंधार

मालकंस, आपली मांडणी नेटकी आहे, परंतु मला हा बदल खटकतो आणि त्यामागे केवळ सवयीचा प्रश्न नाही. आपण गायकीचा विचार केलात. मी कथेने श्रोत्याला दिलेल्या वचनाचा विचार करते.

बैजू प्रथम तानसेनाच्या महालात शस्त्र घेऊन शिरतो, आणि त्याचे गाणे ऐकून त्याचा हात थांबतो. तानसेनाला मारायचे तर ते संगीतानेच शक्य आहे, आणि त्या संगीतात खरे दुःख असले पाहिजे, ही या कथेची मूळ अट आहे. पुढे स्वामी हरिदासही हेच सांगतात. बैजूच्या गाण्यात ते दुःख यावे म्हणून गौरी स्वतःला सर्पदंश करवून घ्यायला तयार होते. म्हणजे कथेच्या हिशोबाने बैजूचा विजय तालमीचा नसून व्यथेचा आहे. आता ती व्यथा आपण कोणत्या आवाजात ऐकली? रफींच्या. ‘ओ दुनिया के रखवाले’मध्ये शिवमूर्तीच्या डोळ्यांत अश्रू येतात ते ज्या स्वराने, तोच स्वर दरबारात संगमरवर वितळवायला हवा होता. ऐन वेळी तो स्वर बाजूला होतो आणि त्याच्या जागी अत्यंत सुंदर, अत्यंत शुद्ध, पण त्या दुःखाशी ओळख नसलेला आवाज येतो. पलुसकरांच्या गायनात प्रसन्नता आहे. त्यांची भजने ऐकताना मन निवळते. बावरा झालेल्या माणसाची आर्तता हा त्यांच्या गळ्याचा धर्म नव्हे, आणि तसे म्हणण्यात त्यांचा कमीपणा नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू अशी की या चित्रपटात संगीताचे तीन चमत्कार घडतात. ‘मन तड़पत’ने आजारी हरिदास उठून चालू लागतात, ‘ओ दुनिया के रखवाले’ने देव रडतो, आणि जुगलबंदीत दगड वितळतो. पहिले दोन आपल्याला पटतात, कारण गाणे ऐकताना आपलीही अवस्था तशीच झालेली असते. तिसरा चमत्कार आपण पाहतो, अचंबित होतो, टाळ्या वाजवतो. पण आपल्या आत काही वितळत नाही.

दरबारीविषयीही एक गोष्ट नोंदवते. परंपरेने या रागाचे श्रेय तानसेनाला दिले जाते, आणि त्याचा मुख्य विस्तार मंद्र आणि मध्य सप्तकांत होतो. नौशाद यांनी ‘ओ दुनिया के रखवाले’मध्ये त्याला पायरीपायरीने वरच्या, तार सप्तकात नेले आहे. शुद्ध रागदारीच्या दृष्टीने दरबारीचे गांभीर्य इथे थोडे सुटते, असे म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. मला मात्र इथेच संगीतकाराची दृष्टी दिसते. दरबारासाठी घडलेला तानसेनाचा राग एक वेडा माणूस देवळात घेऊन जातो आणि देवाला जाब विचारताना त्याच्या मर्यादा ओलांडतो. खरी स्पर्धा मला तिथेच झालेली वाटते. दरबारातील जुगलबंदी ही नंतरची औपचारिकता आहे.

तबकडी

दोन्ही मतांमध्ये न पडता एका व्यावहारिक बाजूकडे लक्ष वेधतो, कारण या जुगलबंदीच्या रचनेवर तिचा परिणाम झालेला आहे.

१९५२ साली चित्रपटगीते घरोघरी पोहोचत होती ती मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. खयाल ही तासाभराची गोष्ट. अमीर खान यांची ख्याती तर अतिविलंबित लयीतील बढतीसाठी होती. एकेका स्वरावर थांबून, त्याच्या भोवतीचे प्रदेश धुंडाळत ते पुढे सरकत. अशा गायकाला पडद्यावरच्या आणि तबकडीवरच्या काही मिनिटांत बसवायचे म्हणजे त्यांच्या गायकीतील सर्वांत मोठे बळ बाहेर ठेवूनच सुरुवात करायची.

नौशाद यांनी त्यावर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. त्यांनी मैफलीची छोटी प्रतिकृती करण्याचा हट्ट धरला नाही. सवाल-जबाब हे रूप निवडून त्यांनी दोन गायकांच्या जागा क्रमाक्रमाने लहान करत नेल्या, त्यामुळे लय वाढण्याआधीच चढाओढीची गती जाणवू लागते. सरगमीचा आणि तानांचा उपयोगही नाट्यासाठी झाला आहे. एरवी खयालात सरगम ही बढतीची एक पायरी असते; इथे ती एकमेकांना दिलेले आव्हान होते, कारण सरगम ऐकणाऱ्या सामान्य श्रोत्यालाही ‘याने हे म्हटले, आता तो काय म्हणतो’ हे कळते.

शिवाय अमीर खान यांना या चित्रपटात केवळ त्या एका प्रसंगापुरते आणलेले नाही. पूरिया धनाश्रीतील ‘तोरी जय जय करतार’, मेघमधील ‘घनन घनन घन गरजो रे’, दरबारीतील सरगम हे सारे त्यांचेच आहे, आणि तोडीतील ‘लंगर कंकरिया जी न मारो’मध्ये पलुसकर पुन्हा त्यांच्यासोबत आहेत. लहान लहान तुकड्यांतून का होईना, एका श्रेष्ठ खयालगायकाचा आवाज एका लोकप्रिय चित्रपटात इतका विखुरलेला आणि तरीही इतका एकसंध असणे ही त्या काळातील असाधारण गोष्ट होती.

अनवट

कोमल गंधार यांनी उपस्थित केलेला प्रश्न एका दुसऱ्या चित्रपटाशी ताडून पाहता येतो आणि तो ताळा फार बोलका आहे. १९५६ सालच्या ‘बसंत बहार’मध्येही नायक गवईच आहे, नायकाच्या भूमिकेत पुन्हा भारत भूषणच आहेत, आणि तिथेही दरबारातील स्पर्धा आहे. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन यांचे. त्यातील ‘केतकी गुलाब जूही चंपक बन फूले’मध्ये एका बाजूला पंडित भीमसेन जोशी आहेत आणि दुसऱ्या बाजूला मन्ना डे, आणि कथेप्रमाणे जिंकायचे आहे ते नायकाने, म्हणजे मन्ना डे यांच्या आवाजाने.

म्हणजे कोमल गंधार यांना जे हवे होते त्याच्या जवळपास जाणारा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे: नायकाचा आवाज पार्श्वगायकाचा, प्रतिस्पर्ध्याचा आवाज मैफलीच्या गवयाचा. त्याचा परिणाम काय झाला? मन्ना डे यांची शास्त्रीय संगीताची बैठक पक्की होती, त्यांनी ती जुगलबंदी मन लावून गायली, आणि गाणे म्हणून ते आजही ताजे आहे. तरीही स्पर्धेचा निकाल ऐकणाऱ्याला पटत नाही. भीमसेनजींची एक तान येऊन गेली की तिच्यापुढे काय ठेवायचे हा प्रश्न कथेला सोडवावा लागतो, गाण्याला तो सुटत नाही. तिथे आपण नायकाच्या बाजूने असतो ते पटकथेच्या आज्ञेने. ‘बैजू बावरा’मध्ये ही वेळ येत नाही, कारण अमीर खान यांच्यासमोर बसलेल्या गायकाला कोणाच्या सवलतीची गरज नाही.

याखेरीज ‘बसंत बहार’मध्ये भारत भूषण यांच्यासाठी मन्ना डे आणि रफी दोघेही गातात. ‘सुर ना सजे’ मन्ना डे यांचे, ‘दुनिया न भाए मोहे’ रफींचे. तिथे आवाज का बदलतो याला कथेत कोणतेही कारण नाही. गाण्याला जो आवाज शोभला तो घेतला, इतकेच. ‘बैजू बावरा’त आवाज बदलतो तो बैजू एकांतातून दरबारात येतो त्या नेमक्या ठिकाणी. त्यामुळे हा बदल जाणूनबुजून योजलेला असो वा नसो, त्याला अर्थ प्राप्त होतो.

तिसरे उदाहरण १९५७ च्या ‘रानी रूपमती’चे. नायक पुन्हा भारत भूषण, संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे. ‘बात चलत नई चुनरी रंग डारी’ ही भैरवीतील रचना कृष्णराव चोणकर आणि रफी यांनी मिळून गायली आहे. रफी मैफलीच्या गवयासमोर उभे राहू शकत होते का, या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे. ते राहू शकत होते, मात्र भैरवीच्या मोकळ्या अंगणात. देसीसारख्या रागात, जिथे धैवत कोणता घ्यायचा यावरच घराण्याघराण्यांत मतभेद आहेत, आणि समोर अमीर खान असताना, गोष्ट फार वेगळी झाली असती.

मालकंस (धागाकर्ता)

कोमल गंधार, आपण मांडलेला तीन चमत्कारांचा मुद्दा मी पुन्हा चित्रपट पाहून तपासला. आपले निरीक्षण अचूक आहे, परंतु त्यातून मला निराळा निष्कर्ष दिसतो.

पहिल्या दोन प्रसंगांत बैजूसमोर प्रतिस्पर्धी नाही. एकात गुरू आहे, दुसऱ्यात देव. तिथे गाणे म्हणजे विनवणी आहे आणि विनवणीला भाव पुरेसा असतो. ती कोणाहून सरस असावी लागत नाही. तिसऱ्या प्रसंगात समोर तानसेन आहे, ज्याच्या नावाने नगरात इतरांचे गाणे बंद झालेले आहे. चित्रपटाची सुरुवात आठवा. बैजूचे वडील भजन गात रस्त्याने चाललेले असतात आणि तानसेनाच्या पहारेकऱ्यांशी झालेल्या झटापटीत त्यांचा जीव जातो. कायदा असा की तानसेनाहून चांगले गाऊ शकेल त्यानेच तिथे गावे. बैजूला हा कायदा मोडायचा आहे, आणि तो मोडायचा तर कायद्याने घातलेल्या अटीवर, म्हणजे तानसेनाच्या विद्येतच त्याला मात देऊन मोडावा लागतो. केवळ आर्ततेने दगड वितळला असता तर तानसेनाचे पाठीराखे म्हणाले असते की या माणसाचे दुःख मोठे होते, गाणे नव्हे. पलुसकरांचा आवाज ती पळवाट बंद करतो.

आणि जिंकल्यावर बैजू काय मागतो? तो तानसेनाचा जीव वाचवतो आणि रस्त्यावर गाण्याची मोकळीक मागतो. म्हणजे हा विजय अखेर रस्त्यावरच्या गाण्यासाठी आहे, वडिलांच्या त्या भजनासाठी आहे. पलुसकरांचा आवाज दरबार जिंकतो, आणि त्याचे फळ मिळते ते कोणालाही गुणगुणता येईल अशा गाण्याला. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर प्रत्यक्षातही तेच घडले. ‘तू गंगा की मौज’साठी नौशाद यांना फिल्मफेअरचे संगीतकाराचे पहिलेवहिले पारितोषिक मिळाले. भैरवीतील, समूहस्वरांच्या साथीचे, नावाड्यालाही म्हणता येईल असे ते गाणे आहे. पारितोषिक जुगलबंदीला मिळाले नाही याची मला खंत नाही.

पलुसकरांच्या गळ्यात व्यथा नव्हती, हे मात्र मला मान्य नाही. त्यांची व्यथा आक्रोश करत नाही, एवढेच. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे पुत्र लहानपणीच पितृछत्राला मुकले. १९३१ साली वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे त्यांची तालीम झाली. वडिलांचे गाणे पुढे नेणारा मुलगा ही भूमिका त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. हे सारे जाणून ती जुगलबंदी ऐकली की तिच्यातील प्रसन्नता मला हलकी वाटत नाही.

कोमल गंधार

कायद्याच्या अटीचा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर मला उत्तर देता येते ते इतकेच: मग ‘खऱ्या दुःखावाचून तानसेन हरणार नाही’ ही अट कथेने घालायला नको होती. दोन अटी घालून एकच पाळली गेली. गौरीने जीव धोक्यात घातला तो विद्येसाठी नव्हे. माझा आक्षेप पलुसकरांवर नाही, नौशाद यांच्यावरही नाही. तो पटकथेवर आहे, जिने संगीतकाराकडे एकाच गाण्यात दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या.

जुने पान

कथेच्या ऐतिहासिकतेवर अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. बैजूचे नाव परंपरेने ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर यांच्याशी जोडले जाते, ज्यांचा राज्यकाळ १४८६ ते १५१६ असा होता. अकबर गादीवर आला १५५६ साली, आणि तानसेन रीवाच्या राजा रामचंद्राकडून त्याच्या दरबारात आला तो १५६२ च्या सुमारास. तेव्हा अकबरासमोर तरुण बैजू आणि वयस्क तानसेन यांची स्पर्धा ही दंतकथाच मानली पाहिजे. तसेच मानसिंहाच्या आणि अकबराच्या काळातील दरबारातले गायन धृपदाचे, म्हणजे खयालाहून जुन्या गायकीचे होते. आपण पडद्यावर ऐकतो ती गायकी त्यानंतर फार काळाने बहरलेल्या खयालाची आहे.

यामुळे चित्रपटाचे मोल कमी होते असे मी म्हणत नाही. १९५२ च्या प्रेक्षकांसाठी ‘मोठे गाणे’ म्हणजे खयाल होता, आणि नौशाद यांनी त्या कानांशी प्रामाणिक राहणे पसंत केले. मात्र एक योगायोग फार सुंदर आहे. तानसेनाची समाधी ग्वाल्हेरला आहे, त्याचे नाव त्या नगराशी कायमचे जोडलेले आहे. आणि या चित्रपटात ग्वाल्हेर घराण्याचा गळा लाभला तो त्याच्या प्रतिस्पर्ध्याला.

मांड

वरील चर्चा बैजू आणि तानसेन यांच्यापुरती राहिली आहे. गौरीच्या गाण्यांविषयी कोणीच बोलत नाही याचे आश्चर्य वाटते, कारण मला या चित्रपटातील संगीताचा कणा लता मंगेशकरांच्या दोन एकल गाण्यांत दिसतो.

‘बचपन की मोहब्बत को’ आणि ‘मोहे भूल गए सांवरिया’. दोन्ही गाणी सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून आहेत. पहिल्यात मांडचा मोकळेपणा आहे, अजून विनंती आहे. दुसऱ्यात भैरव-कालिंगडा या रागांच्या अंगाने जाणारी, कोमल रिषभाची सकाळ आहे, आणि विनंतीची जागा तक्रारीने घेतली आहे. गौरीला कोणी गुरू नाही, तिला कोणाला हरवायचे नाही, तिच्या गाण्याने दगड वितळत नाही की देव रडत नाही. तिचे गाणे ऐकायला पडद्यावर कोणी नसते. कोमल गंधार ज्या खऱ्या दुःखाच्या अटीविषयी लिहितात ती अट पूर्ण करणारा आवाज या चित्रपटात असेल तर तो हा आहे, आणि कथेत त्याला कोणत्याच स्पर्धेत स्थान नाही. या भूमिकेसाठी मीना कुमारी यांना फिल्मफेअरचे अभिनेत्रीचे पहिले पारितोषिक मिळाले. गाण्यांतील तिचा चेहरा पाहिला की ते कशासाठी मिळाले हे वेगळे सांगावे लागत नाही.

शकील बदायुनी यांच्याविषयीही लिहायला हवे. ते मुळात गझलेचे कवी, उर्दूच्या संस्कारात वाढलेले. या चित्रपटात मात्र त्यांनी ‘मन तड़पत हरि दर्शन को आज’सारखे पद लिहिले, ज्याची भाषा आणि घडण संतांच्या पदांच्या इतकी जवळ आहे की अनेक घरांत ते आज भजन म्हणूनच गायले जाते. शब्द शकील यांचे, चाल नौशाद यांची, स्वर रफींचा. तिघांनीही हरीची आळवणी केली ती कोणतीही उसनी भक्ती न दाखवता. हाच कवी ‘बचपन की मोहब्बत को’मध्ये पुन्हा आपल्या उर्दू वळणावर येतो. दोन भाषा एकाच गावात नांदाव्यात तशा त्या एकाच चित्रपटात नांदतात, आणि त्यांच्यामधली सीमा मला तरी कधी जाणवलेली नाही.

अनवट

मांड यांच्या प्रतिसादामुळे सुरेंद्र यांच्याविषयी राहून गेलेली गोष्ट लिहावीशी वाटते. तानसेनाची भूमिका करणारे सुरेंद्र हे स्वतः नामांकित गायक-नट होते. १९४६ च्या ‘अनमोल घड़ी’मध्ये नौशाद यांच्याच संगीतात ‘आवाज़ दे कहाँ है’ हे गाणे त्यांनी नूरजहाँ यांच्यासोबत स्वतः गायले आणि पडद्यावर स्वतःच साकारले. त्याआधी १९४३ साली ‘तानसेन’ चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी तानसेन रंगवला, आणि खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातील गाणीही स्वतःच गायली. अवघ्या नऊ वर्षांनी तोच तानसेन साकारणारा दुसरा गायक-नट, गळ्यात सूर असूनही, अमीर खान यांच्या स्वरावर ओठ हलवतो.

आवाज कोणाचा, हा या धाग्याचा प्रश्न १९४३ च्या प्रेक्षकाला पडलाच नसता. त्याच्यासाठी सैगल हेच तानसेन होते. ‘बैजू बावरा’ येईपर्यंत नटाचा चेहरा आणि गायकाचा गळा यांची फारकत पूर्ण झाली होती, आणि प्रेक्षकांनी ती मनापासून स्वीकारली होती. एकदा ती स्वीकारल्यावर एका चेहऱ्यामागे रफी आणि पलुसकर असे दोन गळे असू शकतात, ही नौशाद यांनी टाकलेली पुढची पायरी आहे. गायक-नटांच्या काळात बैजूची भूमिका कोणा एकाच गुणी माणसाला मिळाली असती, आणि मग एकतर ‘ओ दुनिया के रखवाले’ असे झाले नसते किंवा देसीतील जुगलबंदी अशी झाली नसती. कोमल गंधार यांचा आक्षेप मला समजतो, पण त्या दोहोंपैकी एक सोडायला मी तयार नाही.

कोमल गंधार

सोडायला तर मीही तयार नाही. फक्त हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत, हे मानायला तयार नाही.

तबकडी

‘तोरी जय जय करतार’चा विस्ताराने विचार अजून झालेला नाही. पूरिया धनाश्रीसारखा तिन्हीसांजेचा राग या चित्रपटात नेमके कोणते काम करतो, यावर रागसंगीताची तालीम घेतलेल्या सभासदांनी लिहावे. माझ्या कानाला त्यात पुढे येणाऱ्या तानसेनाच्या दर्पाचा मागमूसही लागत नाही, ती निखळ प्रार्थना आहे. आणि म्हणून बैजूने शेवटी ज्याचा जीव वाचवला तो माणूस कोण होता, हे मला स्पर्धेपेक्षा त्या रचनेत अधिक कळते.